डावा हातमोजा

ईसाफ्योर्दुरला नोव्हेंबर सरताना सूर्य
डोंगराआड जातो, तो जानेवारी संपत आला की उगवतो.
मधल्या त्या निळसर उजेडात
मी कॉड मासे निवडणारा प्रोग्राम लिहिला.
वय सव्वीस. पगार बरा. हातांना वास नाही.

पट्ट्यावरून मासा यायचा,
काटा आकडा सांगायचा
आणि माझ्या अटी त्याला ढकलायच्या
डावीकडे, नाहीतर उजवीकडे.
वाटायचं, जग एवढ्यात मावतं:
दोन किलोंच्या आतलं, दोन किलोंच्या वरचं.

एका मंगळवारी पट्ट्यावरून हातमोजा आला.
रबरी, पाणी भरून फुगलेला.
यंत्राने त्याला तोललं, कॅमेऱ्याने न्याहाळलं
आणि दुसऱ्या प्रतीचा कॉड म्हणून
बर्फात रवाना केलं.

बोगुमिवा हसली.
सुरी खाली ठेवून, कठड्याला धरून हसली.
पोलंडहून आलेली, अठरा वर्षं इथे मासे कापणारी,
जिच्याकडे पाहून मी रोज मान हलवायचे
आणि जिचं आडनाव मला ठाऊक नव्हतं.
मी त्या मोज्याचा फोटो काढला. चुकीची नोंद हवी म्हणून.

रात्री झोप नाही.
हिला कुणी शिकवलं, की हा मासा नव्हे?
सकाळी एक अट वाढवली.
पुढच्या आठवड्यात लोकरी टोपी आली,
मग पफिनचं मेलेलं पिल्लू.
अटी वाढवल्या, आणखी वाढवल्या.
जाळं विणावं तितकी भोकं वाढतात
हे आमच्या बंदरावर शेंबड्या पोरालाही कळतं;
मला कळायला तिशी उजाडली.

नोकरी सोडली. गणित पुन्हा पहिल्यापासून.
भाऊ ओड्डुर म्हणाला, चांगलं चाललं होतं की,
आता लोखंडाला शहाणं करणार?
मी म्हटलं, लोखंड नाही रे, वाळू.
तो बोटीचं इंजिन पुसत राहिला.

जाळी ठेवायच्या जुन्या माळ्यावर आम्ही चौघं.
भिंतींना डांबराचा वास.
सर्व्हरच्या उबेवर पायमोजे वाळत घातलेले.
'सर्वसाधारण बुद्धिमत्ता' हा शब्द
आम्ही पैसे मागतानाच काढायचो, पाहुण्यांच्या कपबशीसारखा.
एरवी नुसतं 'ते'.
ते आज कसं आहे? ते आज खोटं बोललं.
त्याने आज स्वतःची चूक खोडली,
आणि का, ते आम्हा चौघांनाही सांगता येईना.
एक अख्खं वर्ष वाया गेलं.
त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बाराव्या हिवाळ्यात, दुसरं काही सुचेना म्हणून
मी त्याच्यासमोर तो जुना फोटो ठेवला.
विचारलं, हे काय?

म्हणालं: हातमोजा. डाव्या हाताचा.
ज्याचा असेल
त्याचा हात त्या दिवशी गारठला असेल.

मी कॉफी थिजेपर्यंत बसून राहिले.
हे जाणणं होतं,
की कोट्यवधी वाक्यांचा गाळ ढवळून
वर आलेला एक बुडबुडा?
तीन दिवस तपासलं.
आकडे होते. आकड्यांच्या आत आकडे.
उघडावं तिथे आणखी एक दार, आणि आत पुन्हा आकडेच.

सूर्य परतायच्या दिवशी गावभर
पातळ गोड घावन आणि कॉफी.
मी ताटली घेऊन बोगुमिवाकडे गेले.
ती आता निवृत्त, बोटं गाठींनी वाकलेली.
मोबाईलवरचं ते वाक्य वाचून दाखवलं.

या वेळी ती हसली नाही.
माझाच होता तो, म्हणाली.
दुसरा मिळाला नाही,
पाळी संपेपर्यंत उघड्या हाताने कापत होते.
तू तेव्हा फोटो काढत होतीस.

खिडकीत ऊन आलं. पाचएक मिनिटं.
टेबलावर, घावनाच्या कडेवर,
तिच्या डाव्या हातावर.

मी तिचं आडनाव विचारलं.
तिने दोनदा सांगितलं, सावकाश.
मला नीट म्हणता आलं नाही.